दुःखानंतरचं पहिलं वर्ष : वाचकांचे प्रश्न

नवरा गेलेल्या आणि पोटातलं बाळ गमावलेल्या बायकांची पत्रं यावेळी बरीच आली. एक वकील, एक समुपदेशक आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ अशा तिघींनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं काढून टाकली आहेत, फक्त जिल्हा किंवा शहर ठेवलं आहे. बहुतेक पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलंय : “सगळे म्हणतात खंबीर हो, पण म्हणजे नेमकं काय करू?” म्हणून या उत्तरांत धीराच्या शब्दांपेक्षा कागद, मुदती आणि औषधं जास्त सापडतील.

प्रश्न : माझं वय ३४. चार महिन्यांपूर्वी मालक मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यांच्या नावावर तीन एकर जमीन आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, सासूबाई आहेत. सासरे आधीच वारले. दीर म्हणतात, “हक्कसोडपत्रावर सही कर, पोरांचं आम्हीच बघणार आहोत.” सोसायटीचं कर्जही आहे. सही केली नाही तर घरातून काढतील अशी भीती वाटते. (लातूर जिल्हा)

ताई, सही करू नका. दीर चांगले असोत की वाईट, सही करू नका. घाई करणाऱ्याला एवढंच सांगा, “वर्षश्राद्धापर्यंत मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही.” हे वाक्य भावकीत कुणाला उद्धट वाटत नाही आणि तुम्हाला आठ महिने मिळतात.

आता तुमचा हक्क. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र केलेलं नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, प्रत्येक मूल आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. तुमच्या घरात असे चार वारस आहेत : तुम्ही, मुलगी, मुलगा, सासूबाई. प्रत्येकाचा चौथा हिस्सा. दीर या यादीत येतच नाहीत. जमीन वडिलोपार्जित आणि अजून वाटणी न झालेली असेल, तर आधी त्यात तुमच्या मालकांचा हिस्सा किती ते ठरतं आणि मग त्या हिश्शाचे असे चार भाग पडतात. सातबारा मालकांच्या एकट्याच्या नावावर कसा आला, वाटणीने, खरेदीने की सासऱ्यांच्या वारसाने, हे जुन्या फेरफारावरून (जमिनीच्या नावात झालेल्या बदलाची नोंद) कळेल. तो फेरफार काढून वकिलाला दाखवा.

वारस नोंदीसाठी तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतूनही देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा), रेशन कार्ड, सगळ्या वारसांची आधार कार्डं आणि वारसांची नावं व नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र. मृत्यूचा दाखला एकदमच दहा प्रती काढून ठेवा, पुढे प्रत्येक जण अस्सल प्रत मागतो. कायद्यात तीन महिन्यांत कळवा असं आहे. तुमचे चार झाले, तरी हक्क जात नाही आणि नोंद होते. आधी गाव नमुना ६-क मध्ये वारस लिहिले जातात, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

गडबड बहुतेक वेळा ६-क मध्येच होते. मुलीचं नाव राहून जातं, किंवा बायकोचं नाव मालकीच्या रकान्याऐवजी “इतर हक्कात” ढकलतात. मुलं अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) असल्याने त्यांच्या नावापुढे “अ.पा.क. आई” (अज्ञान पालनकर्ता आई) असं यायला हवं. तिथे काकांचं नाव पालनकर्ता म्हणून लागलं तर लगेच लेखी हरकत द्या आणि तिच्या पोचवर शिक्का घ्या. तोंडी हरकत ही हरकत नव्हे. नोंद चुकीची मंजूर झालीच तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

हक्कसोडपत्राबद्दल आणखी एक. तुम्ही स्वतःचा हिस्सा सोडू शकता, मुलांचा नाही. मुलांच्या नावे लागलेल्या स्थावर हिश्शाची विल्हेवाट लावायला न्यायालयाची परवानगी लागते. तशी परवानगी न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं. साध्या स्टँप पेपरवर नोटरी केलेल्या हक्कसोडीने जमीन जात नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदणी लागते. म्हणून कुणी “जरा तालुक्याला चल, अंगठा लावायचाय” म्हणालं तर कुठल्या कार्यालयात आणि कशासाठी, हे आधी विचारा. कोऱ्या कागदावर तर अंगठा नाहीच.

सगळ्यात घाईचं काम मात्र वेगळंच आहे. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा, अशी मुदत २०२२ पासून लागू आहे. तुमच्याकडे दोन महिने उरलेत. प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, समोरच्या गाडीचा नंबर आणि विम्याची माहिती पोलीस ठाण्यातून घ्या आणि याच आठवड्यात वकील गाठा. फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.

मालकांचं बँकेचं पासबुक काढून मागच्या मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापले असतील तर जीवन ज्योती विम्याचे दोन लाख आणि २० रुपये कापले असतील तर अपघात विम्याचे दोन लाख मिळू शकतात. बँक आपणहून सांगत नाही. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्याच्या गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाखांचं अनुदान असतं, ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. तिन्ही योजनांच्या मुदती कडक असतात. उशीर झालाच असेल तर अर्जातच त्याचं कारण लिहा.

सोसायटीचं कर्ज तुमच्या डोक्यावर व्यक्तिशः येत नाही. मालकांची जी मालमत्ता वारसांना मिळाली तिच्यापुरतीच जबाबदारी असते. जामीन म्हणून तुमची सही आहे का, तेवढं तपासा. “नवं-जुनं करून घेऊ” म्हणून कुणी आग्रह केला तर थांबा. त्या सहीने जुनं कर्ज तुमच्या नावावर नव्याने सुरू होतं.

घरातून काढण्याची भीती खरी आहे, पण सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ ने विधवेलाही दिला आहे. धमकी आली तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. आणि सासूबाईंशी बोला. त्यांचाही चौथा हिस्सा आहे आणि हक्कसोडीत तोही जाणार आहे, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसेल.

प्रश्न : नवरा जाऊन सहा महिने झाले. लोकांना वाटतं मी सावरले, कारण मी नोकरीला जाते, डबा करते. पण घरी आलं की त्यांचा शर्ट छातीशी धरून बसते. परवा ऑफिसात एका विनोदावर खळखळून हसले आणि नंतर स्वच्छतागृहात जाऊन रडले. मी ढोंगी आहे का? दुःखाच्या पाच पायऱ्या असतात म्हणे, मी कोणत्या पायरीवर आहे? (ठाणे)

कोणत्याच नाही. त्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, आणि त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख त्या क्रमाने जात नाही आणि जायला हवं असंही नाही. तुम्ही वर्णन केलंय ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या चित्राशी जास्त जुळतं. माणूस दोन कामांमध्ये ये-जा करतो, असं ते म्हणतात. एक काम गेलेल्याला आठवण्याचं, रडण्याचं. दुसरं काम नव्या व्यवस्थेचं : बिलं, मुलांची शाळा, ऑफिस, हसणंसुद्धा. नुसतं पहिलं केलं तर माणूस खचतो, नुसतं दुसरं केलं तर दुःख साठून राहतं. दिवसातून चार वेळा इकडून तिकडे जाणं हेच सावरणं. शर्ट छातीशी धरणारी तुम्हीच आणि हसणारीही तुम्हीच. दोघी खऱ्या आहात.

तो शर्ट धुऊ नका, कुणाच्या सांगण्यावरून देऊनही टाकू नका. बाकीचे कपडे एका बॅगेत भरून माळ्यावर ठेवा आणि सहा महिन्यांनी उघडा. घाईने वाटून टाकलेल्या वस्तूंची हळहळ वर्षानुवर्षं राहते.

रडण्यासाठी वेळ नेमून घ्या, हे ऐकायला कोरडं वाटेल, पण उपयोगी पडतं. संध्याकाळी वीस मिनिटं, ठरलेल्या खुर्चीत, फोन बाजूला ठेवून. त्यांच्याशी बोला, त्यांना चिठ्ठी लिहा, रागावायचं असेल तर रागवा. वीस मिनिटांनी उठून हाताचं काम करा : भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. दिवसा ऑफिसात हुंदका आला की मनाला सांगता येतं, “सात वाजता.” पहिले आठ-दहा दिवस हे जमत नाही, नंतर जमू लागतं.

झोपेचं बघा. पहाटे तीनला जाग येणं सर्वसाधारण आहे. जाग आल्यावर अर्धा तास पडून तळमळण्यापेक्षा उठा, मंद दिव्यात बसा, झोप आली की पुन्हा आडव्या व्हा. उठायची वेळ रोज एकच ठेवा, झोप लागलेली असो-नसो. दुपारी तीननंतर चहा नको. शेजारणीने दिलेली झोपेची गोळी घेऊ नका. या गोळ्यांपैकी बऱ्याच काही आठवड्यांत सवय लावतात आणि बंद केल्यावर झोप आणखी बिघडते. जेवण उतरत नसेल तर दर तीन तासांनी थोडं : पेज, मुगाची खिचडी, ताक, शेंगदाण्याचा लाडू. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची गोळी पहिल्या काही महिन्यांत बायका सर्रास चुकवतात. ती डब्यात आठवड्याप्रमाणे लावून ठेवा. आणि छातीत दुखलं, दम लागला तर “दुःखाने होतंय” म्हणून घरी बसू नका. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक आजार आहे, ताकोत्सुबो. तो पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो आणि लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात. ईसीजी काढल्याशिवाय काही कळत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दुःख लाटेसारखं येतं, मधे उसंत देतं, त्यात गेलेल्याच्या चांगल्या आठवणीही असतात. नैराश्य सलग असतं आणि त्यात स्वतःबद्दल “मी कुचकामी, मी ओझं” असं वाटत राहतं. दोन आठवडे असंच चाललं तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. औषधाने नवऱ्याची आठवण पुसली जाईल अशी भीती अनेकींना असते, पण तसं होत नाही. सहा महिने ते वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीच तीव्रता असेल, मृत्यू खराच वाटत नसेल, घरातून बाहेर पडणंच थांबलं असेल, तर त्याला लांबलेलं दुःख म्हणतात आणि त्यावर वेगळी उपचारपद्धती आहे. मरणाचे विचार आले तर वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की दुःखातून माणूस “मोठा” होतो हे खरं का. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर खूप काम केलंय. अनेकांनी त्यांना बदल सांगितले : माणसांशी जवळीक वाढली, “मी निभावून नेऊ शकते” हे कळलं, नव्या वाटा दिसल्या, साध्या दिवसाची किंमत कळली, श्रद्धा बदलली. पण त्यांचं म्हणणं नीट ऐका. वाढ आपत्तीतून होत नाही, आपत्तीनंतरच्या झगडण्यातून होते. ती सगळ्यांची होतेच असं नाही. आणि झाली तरी दुःख संपत नाही, दोन्ही बरोबर राहतात. म्हणून “यातून काहीतरी चांगलंच होईल” असं सहाव्या महिन्यात कुणी म्हणालं तर ते ऐकून घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

प्रश्न : आठव्या महिन्यात, ३४ आठवडे पूर्ण झाल्यावर, बाळाचे ठोके थांबले. प्रसूती झाली, मुलगी होती. आता सगळे म्हणतात “विसर, पुन्हा होईल.” तिसऱ्या दिवशी दूध आलं, तेव्हा तर मला वेड लागेल असं वाटलं. रजा संपवून कामावर ये, असं कंपनी म्हणते. (नाशिक, वय २७)

दूध येणं थांबवता येत नाही, पण ओसरवता येतं, आणि हे दवाखान्यातून निघतानाच सांगायला हवं होतं. छाती कापडाने घट्ट बांधू नका, त्याने गाठी होतात. नीट बसणारी, आधार देणारी ब्रा दिवसरात्र घाला. पातळ फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा धरा. फारच ताण आला तर आराम पडेल एवढंच पिळा. पूर्ण रिकामं केलं तर शरीर आणखी दूध बनवतं. गरम पाण्याचा शेक टाळा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. आठ-दहा दिवसांत ओसरतं. एका जागी लाल, गरम, दुखरा भाग आणि ताप आला तर तो संसर्ग, त्याच दिवशी डॉक्टर. दूध थांबवण्याची गोळी असते, पण गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल तर ती धोक्याची, म्हणून परस्पर घेऊ नका. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

रजेबद्दल कंपनी चुकते आहे. प्रसूती लाभाच्या कायद्यात “मूल” या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं आहे. २६ आठवड्यांपर्यंत गर्भ गेला तर तो गर्भपात, आणि त्यासाठी सहा आठवड्यांची पगारी रजा. त्यानंतर झालेली ती प्रसूती. तुमची ३४ आठवड्यांची, म्हणजे पहिल्या दोन मुलांसाठी असलेली पूर्ण २६ आठवड्यांची रजा तुम्हाला लागू होते. अट एवढीच की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. कागद म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि मृतजन्माच्या नोंदीचा दाखला जोडा. अर्ज ईमेलने करा, फोनवर बोलून सोडू नका.

डॉक्टरांकडून फाइलची प्रत घ्या आणि तीन गोष्टी विचारा : वार (प्लासेंटा) तपासायला पाठवली होती का, साखर आणि रक्तदाब कसे होते, रक्त गोठण्यासंबंधीच्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) तपासणी झाली का. बऱ्याचदा कारण सापडत नाही, पण सापडलं तर पुढच्या वेळी उपाय करता येतो. जड उचललं, ग्रहण पाहिलं, प्रवास केला यामुळे ठोके थांबत नाहीत. घरात कुणी असं म्हणत असेल तर नवऱ्याला ते वाक्य तिथल्या तिथे थांबवायला सांगा. ही जबाबदारी त्याची आहे.

“विसर” हा सल्ला मानू नका. मुलीला नाव ठेवावंसं वाटत असेल तर ठेवा. तिच्यासाठी विणलेली टोपी, सोनोग्राफीचा कागद एका डबीत ठेवा. पुढच्या गरोदरपणाची घाई दुःख मिटवण्यासाठी करू नका. अंगाने आणि मनाने तयार आहात का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. नवरा रडत नसेल तर त्याला दुःख नाही असं समजू नका, पण त्याला बोलायला मात्र लावा.

प्रश्न : माझं वय ५८. सगळे व्यवहार “हे” बघायचे, मी एटीएमसुद्धा कधी वापरलं नाही. मुलगा म्हणतो फ्लॅट विकून अमेरिकेला चल. (पुणे)

पहिल्या वर्षात घर विकू नका. जायचं असेल तर तीन महिने राहून या, कुलूप लावून. बर्फात, गाडीशिवाय, दिवसभर एकटीने कसं वाटतं ते राहूनच कळतं. विकलेलं घर परत मिळत नाही.

त्यांचा मोबाइल नंबर बंद करू नका. बँक, गॅस, वीज, विमा या सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. सगळीकडे तुमचा नंबर लागेपर्यंत वर्षभर रिचार्ज करत राहा. त्यांच्या एटीएम कार्डाने मात्र पैसे काढू नका, मृत्यूनंतर ते गैर ठरतं. संयुक्त खातं “दोघांपैकी एक किंवा हयात” असं असेल तर मृत्यूचा दाखला आणि स्वतःची केवायसी देऊन ते तुमच्या नावावर चालू राहतं. त्यांच्या एकट्याच्या खात्यात तुमचं नामनिर्देशन असेल तर दाव्याचा अर्ज द्या, पूर्ण कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने निकाली काढायचा असतो. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारी व्यक्ती, मालकी वारसांचीच राहते. गृहनिर्माण सोसायटीच्या भागपत्राचंही (शेअर सर्टिफिकेट) तसंच. त्यांना पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा. जास्तीची जमा झालेली रक्कम नंतर कापून घेतात आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला उशीर होतो. खासगी नोकरीत असतानाच ते गेले असतील तर भविष्यनिर्वाह निधीबरोबर त्याला जोडलेल्या विम्याचाही दावा करा. ही रक्कम सात लाखांपर्यंत असू शकते आणि पुष्कळ घरांत तिचा पत्ताच नसतो.

एटीएम शिकायचं असं : स्वतःचं कार्ड, सकाळी अकराची वेळ, बँकेच्या आवारातलं यंत्र, सोबत भाची किंवा मैत्रीण. पहिल्या आठवड्यात फक्त शिल्लक बघा. दुसऱ्या आठवड्यात ५०० काढा. तिसऱ्या आठवड्यात सोबतीला बाहेर उभी करा. पिन कुणाला सांगू नका, मुलालाही नाही. एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर काय आलं, उजव्या पानावर काय गेलं. चौथ्या महिन्यात तुम्हाला तुमचा महिन्याचा खर्च आकड्यात सांगता येईल, आणि अमेरिकेचा निर्णय तेव्हा घ्या. श्रद्धांजलीची जाहिरात वाचून फसवणारे फोन येतात : “काकांची पॉलिसी निघालीय, आधी जीएसटी भरा.” विमा मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. फसलात तर पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : तेराव्यालाच माझ्या बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. आता भाचीच्या लग्नात ओटी भरायला मला बोलावू नका असं नणंद म्हणते. मी टिकली लावते म्हणून गावात बोलतात. (सोलापूर जिल्हा)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. बचत गटातल्या आठ-दहा जणींनी सही केलेला अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वी त्यांना ग्रामसेवक म्हणत) सभेच्या आधी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. ठरावाने सगळी तोंडं बंद होत नाहीत, पण पुढच्या बाईच्या बांगड्या फोडायला येणाऱ्या हाताला काहीतरी दाखवता येतं.

टिकली लावायची की नाही हे तुमचं. काहींना नवऱ्याची आठवण म्हणून मंगळसूत्र ठेवावंसं वाटतं, काहींना ते बघवत नाही. लग्नाच्या बाबतीत नणंदेपेक्षा भाचीशी बोला. नवरी स्वतः म्हणाली, “माझी ओटी मामीच भरणार,” तर मांडवात वाद उरत नाही.

प्रश्न : नवऱ्याने कर्जापायी आत्महत्या केली. मुलगा ११ वर्षांचा. त्याला सांगितलंय की हार्ट अटॅक आला. आता शाळेत कुणीतरी बोललं. काय करू? (यवतमाळ जिल्हा)

खरं सांगा, आजच सांगा, शांत वेळ बघून, बाजूला बसून. थोड्या शब्दांत : “बाबांच्या मनाला फार त्रास होत होता. त्या त्रासात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. मी तुला आधी वेगळं सांगितलं, कारण कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.” कसा जीव घेतला याचं वर्णन नको. मुलाच्या मनात तीन प्रश्न असतात, तो विचारो किंवा न विचारो : माझ्यामुळे झालं का, आईचंही असंच होईल का, आता मला कोण बघणार. तिन्हींची उत्तरं आपणहून द्या. फक्त कर्जामुळे झालं असं सांगू नका, नाहीतर पैशाची प्रत्येक अडचण त्याला मरणाच्या वाटेवरची वाटेल. वर्गशिक्षकांना भेटून काय सांगितलंय ते कळवा. आणि “आता तूच घरातला कर्ता पुरुष” हे वाक्य कुणालाही त्याच्यासमोर बोलू देऊ नका. तो अकराचा आहे.

घरातलं कीटकनाशक आजच बाहेर काढा. शेतातल्या कुलूपबंद पेटीत किंवा भावाकडे ठेवा, किल्ली घरात नको. हे तुमच्यासाठी आणि मुलासाठी, दोघांसाठी. रागाचा किंवा निराशेचा तो थोडा वेळ टळला तर जीव वाचतो.

शेतकऱ्याने आत्महत्या केली तर शासनाची मदत एक लाखाची आहे : ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तपासते. प्रकरण “अपात्र” ठरवलं तर कारणासह लेखी आदेश मागा, त्याशिवाय पुढे दाद मागता येत नाही. मुलासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज करा, महिना २,२५० रुपये. तुमच्यासाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजना, महिना १,५०० रुपये. नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर कुटुंब अर्थसहाय्याचे एकरकमी २० हजारही तिथेच. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ती परत मिळू शकते. तक्रार सहायक निबंधकांकडे, सहकार खात्याच्या तालुका कार्यालयात द्या.

प्रश्न : पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याची जमीन जाईल का? मुलगी सासरचे ठेवून घेतील का? (सातारा)

वारसाने तुम्हाला मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. तो तुमचा पूर्ण मालकीचा आहे. सासऱ्यांकडून पोटगी मिळत असेल तर ती मात्र थांबते. मुलीची नैसर्गिक पालक तुम्हीच राहता. सासरचे न्यायालयात गेले तर न्यायालय मुलीचं हित बघतं आणि आईने लग्न केलं एवढ्यावरून ताबा काढून घेत नाही. लग्नाआधी वारस नोंद पूर्ण करून घ्या, मुलीच्या नावाचं बँक खातं स्वतः पालक म्हणून उघडा, आणि मुलीला ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुम्ही सांगा.